अण्णाचं हवेचं मशीन

चाक खोलून पंक्चर निघेपर्यंत माणूस गप्प बसत नाही, त्यामुळे पंक्चरच्या दुकानात किस्से साठतात. तिसगावच्या स्टँडजवळ राजन अण्णाच्या बाकावर बसून माझ्याकडेही साठले. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. पण हे नीट सांगता येतील की नाही, याची धास्तीच वाटते.

*

अण्णा केरळचा. मी विचारलं, "एवढ्या लांब येऊन टायरच का रे?"

"मामाला हेच येत होतं, सर. मामाला डोसे येत असते, तर तुम्ही आज डोसे खाल्ले असते!"

त्याच मामाची मुलगी, विजया, त्याची बायको. ती गावी त्याच्या आईला सांभाळायची. "दुकानातच वाढली. माझ्यापेक्षा चांगलं पंक्चर काढते!" असं तो कौतुकानं सांगायचा.

*

भाचा बिजू काम शिकला, तसं अण्णानं त्याला पाथर्डीत दुकान टाकून दिलं. हवेचं नवं मशीन त्याला दिलं, जुनं, खोकणारं स्वतःला ठेवलं.

टेम्पोवाला किसन ओरडला, "आरं अण्णा, उलटं झालं की!"

"नव्या माणसाला गावात ओळख नसते. मशीन तरी चांगलं पाहिजे!"

"आन् तुला?"

"मला ओळख आहे."

*

रोज दुपारी बायकोला फोन. मल्याळममध्ये मधूनच "किसन", "प्रोफेसर" ऐकू यायचं, आणि हसू.

"माझ्याबद्दल काय सांगतोस?" मी घाबरतच विचारलं.

"सर आजपण छत्री विसरले!"

"आन् माझं?" किसन.

"तुझं सांगायला रिचार्ज पुरत नाही!"

*

अण्णा दुकानातच गेला. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधता शोधता खाली बसला, तो उठलाच नाही. बिजूनं त्याला गावी नेलं. शटर बंद झालं, बाक बाहेरच राहिला. आम्ही तिथंच बसायचो. टेम्पोचं चाक बसलं, तरी किसन दुसऱ्या दुकानात जाईना.

"ऱ्हाऊ द्या, सर," एवढंच म्हणायचा.

*

एके सकाळी शटर उघडं दिसलं. आत विजया, पदर खोचून, किसनचंच चाक खोलत होती. बाहेर बिजू पाथर्डीचं नवं मशीन दुसऱ्या टेम्पोत घालून आला होता.

"मामाच्या पाठोपाठ आजीपण गेली," तो हळूच म्हणाला. "इथं जम बसला नाही, तर मामी जाणार कुठं? ती इथं नवीन. जरा हात लावा."

मशीन उतरवायला आम्ही दोघं बाकावरून उठलो. विजया हात पुसत बाहेर आली.

"किसन," ती टेम्पोवाल्याकडे बघून म्हणाली.

मग बाकावर राहिलेली छत्री उचलून तिनं माझ्या हातात दिली. "प्रोफेसर."

बिजूला ती मल्याळममध्ये काहीतरी ठामपणे म्हणाली.

"काय म्हनती?" किसननं विचारलं.

"मशीन परत ने म्हणते," बिजू म्हणाला. "म्हणते, 'मला ओळख आहे.'"