हार्टची पेशंट नसलेली बाई

"तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नाही," गडचिरोलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आनंद व्हायच्या ऐवजी मला असा राग आला की टेबलावरचा पेपरवेट उचलून कुणाला तरी मारावासा वाटला. मॅडमना नाही. पण कुणाला, ते ठरत नव्हतं, कारण मारण्याजोगी माणसं बरीच होती.

चैत्रापासून ज्येष्ठ संपत येईपर्यंत मला खाटेवर ठेवलं होतं. पाण्याचा गुंड, भरलेला हंडा, उचलू दिला नाही, झाडू हातात घेऊ दिला नाही. आणि आता म्हणे काही झालेलंच नाही!

ज्यांची छाती धडधडते आणि जे दिवसभर स्वतःची नाडी धरून बसतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं. खरं तर त्यांनीच आधी वाचावं.

सुरुवात चिंच फोडताना झाली. दुपारी ओसरीत बसले होते आणि छातीत एकदम काहीतरी उलटलं. बादलीत टाकलेली मासोळी उडते, तसं. क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि मग एक ठोका इतक्या जोरात पडला की गळ्यापर्यंत जाणवला. मी चिंच तशीच टाकली आणि नवऱ्याला हाक मारली. त्या दिवशी तसं आणखी दोनतीनदा झालं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथे ईसीजी काढला. छातीला, हातापायांना तारा लावून हृदयातल्या विजेचा आलेख कागदावर काढतात, तो ईसीजी. नेमकी तेव्हा मासोळी उडाली नाही. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हार्टचं असू शकतं. आराम करा. वजन उचलू नका." एक गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

असू शकतं! या दोन शब्दांवर माझे तीन महिने गेले. असू शकतं म्हणजे काय, कशावरून, नसलं तर काय, हे सांगायला त्यांना फार वेळ लागला नसता. पण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, आणि बस गावात पोचेपर्यंत मी हार्टची पेशंट झाले होते.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बिस्किटाचा पुडा घेऊन भेटून यायची रीत आहे. रीत चांगली आहे. पण खाटेजवळ बसून ही माणसं काय बोलतात, ते कधी ऐकलं आहे का? शेजारची कमलाबाई पहिल्याच दिवशी आली, चहा घेतला आणि म्हणाली, "माह्या भावाच्या सासऱ्याचं बी असंच झालं व. बसूनच होता. बोलता बोलता मान टाकली." मग आणखी एकजण आला, त्याच्या ओळखीचा माणूस बसस्टँडवर गेला होता. तिसरीची मावसबहीण न्हाणीत गेली होती. नागभीडपासून आरमोरीपर्यंत हार्टनं जेवढी माणसं मेली, तेवढी सगळी माझ्या खाटेजवळ येऊन गेली. आणि जाताना प्रत्येकजण सांगे, "तू मात्र टेन्शन नोको घेऊ."

टेन्शन नको घेऊ! आग लावून वर फुंकर घालायला ही मंडळी तयार.

मी टेन्शन घेतलं. भरपूर घेतलं. दिवसभर दोन बोटं मनगटावर. कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात होतं, ते शोधून काढलं आणि बोटाला लावूनच बसू लागले. ठोक्यांचा आकडा वाढला की घाबरायचं, घाबरलं की आकडा वाढायचा. मोबाइलवर धडधडीचे व्हिडिओ बघितले. एक बघितला की मोबाइल आपणहून त्याहून भयंकर दहा दाखवतो. जेवण कमी झालं. झोप गेली. आणि मासोळी, जी आधी दिवसाकाठी दोनतीनदा उडायची, ती आता मोजता येईना.

उठले की नवरा ओरडायचा, "डॉक्टरनं आराम सांगतला ना? मंग काऊन उठली?" बिचारा स्वतः भात शिजवायचा, कधी कच्चा, कधी करपलेला. त्याच्या डोळ्यांत भीती दिसायची आणि त्याच्यावर धड चिडताही यायचं नाही. याचाही मला राग यायचा.

शेवटी मीच हट्ट धरला की मोठ्या दवाखान्यात जायचं. एसटीनं गडचिरोलीला गेलो. रांग लांब होती, बाकावर जागा नव्हती. पण मॅडमनी आधी ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं, "म्हणजे नेमकं कसं होतं?" मी मासोळीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

रक्त तपासलं, त्यात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. दोन्ही कमीजास्त झाले तरी धडधड होते म्हणे. दोन्ही ठीक निघाले. मग टू-डी इको. ही हृदयाची सोनोग्राफी. पडद्यावर मला माझं हृदय दिसलं, झडपा उघडत मिटत होत्या, माझ्या घाबरण्याची त्यांना काही खबर नव्हती. मग होल्टर. हे एक लहान यंत्र गळ्यात अडकवून दिवसभर फिरायचं, ते प्रत्येक ठोका नोंदवतं. रोजची सगळी कामं करा असं सांगितलं होतं. गडचिरोलीतच नवऱ्याच्या बहिणीकडे उतरलो होतो. तिथेही नवऱ्यानं मला निजवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी होल्टरमध्ये मासोळीच्या उड्या सापडल्या. त्या पाहून मॅडमनी विचारलं, "दिवसभर काय केलंत?"

"पडून होते."

मग मला टीएमटीच्या पट्ट्यावर चालवलं. तारा लावून पळत्या पट्ट्यावर भरभर चालायचं आणि हृदय श्रम कसे सोसतं ते बघायचं. मला वाटलं, आता इथेच संपलं. घाम फुटला, पाय भरून आले, आणि मासोळी गप्प झाली. एकदाही उडाली नाही.

मॅडमनी समजावून सांगितलं. हृदयाचा एखादा ठोका घाई करतो, वेळेआधी पडतो. मग क्षणभर खंड पडतो आणि पुढचा ठोका जोरात पडतो. आपल्याला तो जोराचा जाणवतो. याला एक्टोपिक बीट म्हणतात, म्हणजे अवेळी पडलेला ठोका. धडधाकट माणसांनाही असे ठोके पडतात, बऱ्याच जणांना कळतही नाही. जागरणानं, चहानं, काळजीनं ते वाढतात. श्रम केले की तुमचे थांबतात, ही चांगली खूण आहे.

मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "यांना खाटेवर कुणी ठेवलं?"

"मॅडम, आराम सांगतला होता," तो चपलेकडे बघत म्हणाला.

"आता मी काम सांगते आहे. यांना काम करू द्या."

दुसरीही एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती जास्त झोंबली. मला हेल्थ अँग्झायटी आहे. आपल्याला मोठा आजार झाला आहे ही भीती रिपोर्ट चांगले आले तरी सुटत नाही, तिला हे नाव आहे. "धडधड खरी आहे आणि तुमची भीतीही खरी आहे. पण दर वेळी नाडी धरलीत की भीतीला खायला मिळतं." समुपदेशक ताईंकडे चारपाच वेळा जायला सांगितलं. मी गेले. वेडी म्हणून गेले नाही, लाजायचं काही नाही, तुम्हीही जा. ऑक्सिमीटर नवऱ्याच्या बहिणीला देऊन टाकलं.

एक मात्र नीट ऐका. चक्कर येऊन पडलात, चालताना छाती दाबली गेली, धाप लागली, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर माझा लेख वाचून घरी बसू नका. आधी तपासून घ्या. मीही तपासल्यावरच हे बोलते आहे.

वाटलं, आता गावात पोचले की सुटले. कसलं काय! "डॉक्टर लहान पोरगी होती," गावानं ठरवलं. "नागपूरले दाखवा." आणि आषाढात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला, तेव्हा रायबाईनं मला कामाला धरलंच नाही.

रायबाई आमच्या रोवण्याच्या बायांची म्होरकी. कोणत्या बांधीत, भाताच्या कोणत्या खाचरात, कोण जाणार ते तीच ठरवते. लग्न होऊन आल्यापासून मी तिच्या पातीत, तिच्या रांगेत, आहे आणि गाणं मी उचलते. एक ओळ मी म्हणायची, मागून सगळ्या बाया म्हणतात, आणि त्या चालीवर हात चालतात. वर्षभर मी कुणाची बायको, कुणाची आई असते. रोवण्यात मी गाणं उचलणारी असते. माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

"मले काई नाई झालं," मी तिला म्हटलं.

"सगळे बिमार असंच म्हणतेत. चिखलात पडली तं तुह्या घरच्याइले काय सांगू?"

जंगलाला लागून आमच्या बांध्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाघाच्या पंजांचे ठसे दिसले तरी बाया कामाला जातात, तेव्हा घरच्यांना काय सांगायचं हे कुणी विचारत नाही. माझा एक अवेळी ठोका मात्र सगळ्यांना भारी!

मी तरी गेले. रायबाईनं मला धुऱ्यावर बसवलं, पाण्याचा गुंड राखायला. बसले. खाली कमलाबाईनं गाणं उचललं. ते गाणं नव्हतं, हाल होते. बाया एका चालीवर, हात दुसऱ्या चालीवर. बसल्या बसल्या माझी मासोळी उडायला लागली आणि बोटं आपोआप मनगटाकडे गेली. तेव्हा मला असा संताप आला की मी लुगडं खोचलं आणि सरळ चिखलात उतरले. रायबाई काही बोलायच्या आत पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, पेंढी हातात घेतली, पातीत घुसले आणि गाणं उचललं.

चाल बसली. पात पुढे सरकू लागली. मी आनंदानं जवळजवळ रडत होते, तेही लिहून ठेवते.

आणि मधेच, ओळ म्हणता म्हणता, ती उडाली. चांगली मोठी. माझा आवाज तुटला. सगळी पात थांबली आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या, खाटेजवळ बसून बघायच्या तशाच.

"जा व बाई, धुऱ्यावर जाऊन बस!" कमलाबाई ओरडली.

"तूच बस. अन् गाणं नोको उचलू."

रायबाई पहिल्यांदा हसली. मॅडमचे आणि त्या समुपदेशक ताईंचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या हसण्याचेही विसरणार नाही.

भीती वाटली का? वाटली. नाडी बघावीशी वाटली, फार वाटली. पण एका हातात पेंढी होती आणि दुसरा कोपरापर्यंत चिखलात होता. बाया थांबल्या होत्या आणि पुढची ओळ माझी होती. मी ती म्हटली.