मावसबहिणीचा फॉर्म

समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा ऑनलाइन फॉर्म मी फुकट करून दिला होता, त्यामुळे जरा जास्तच मिजाशीत होतो. पर्वत पाटिया भागात माझं वेबसाइट बनवण्याचं छोटं ऑफिस आहे. तिथे मावसबहिणीचा फोन आला. ती जन्मापासून पूर्ण अंध. बँकेत नोकरी करते, मोबाइल तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो.

"दादा, तुना फॉर्म मले काहीच सांगत नही. नुसतं 'एडिट बॉक्स, एडिट बॉक्स' करस."

चूक माझीच होती. प्रत्येक चौकटीशेजारी नाव दिसायचं, पण कोडमध्ये ते चौकटीला जोडलेलंच नव्हतं. काही राहिलं तर चौकट नुसती लाल व्हायची. ते दुरुस्त करायचं सोडून मी म्हणालो, "तू सांग, मी भरतो." तिला स्वतः भरायचा होता. मी घाई केली.

शेवटच्या रकान्यात तिनं सांगितलं, "लिख, मी पूर्ण अंध आहे, एकटी नोकरीला जाते." मी लिहिलं, 'दृष्टी थोडी कमजोर'. आणि तिला वाचून मात्र तिचंच वाक्य दाखवलं. वाटलं, पोरीचं भलं करतोय. काय अक्कल पाजळली होती मी!

फॉर्म वाचून नंदुरबारची मंडळी तिला बघायला सचिन गावातल्या तिच्या घरी आली. मीही होतो. मुलाची आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फॉर्ममा तं थोडं कमी दिसस आसं लिखेल व्हतं."

मावशी हात जोडून माफी मागू लागली, पोरीनं चूक केली म्हणून. मी पोह्यांची बशी हातात धरून बसलो. एक वाक्य बोलायचं होतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही. मंडळी गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तू लिखं ना?" मी हो म्हणालो. मावशीला मात्र दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही फोनवर. आजही त्या घराचा जिना चढताना मला लाज वाटते.

फॉर्म दुरुस्त करायला अर्धा तासही लागला नाही. अर्धा तास! पुढच्या मेळाव्याआधी मी तिला तो भरून बघायला सांगितलं. फोन कानाला होता, पलीकडे तिचा मोबाइल 'पूर्ण नाव', 'शिक्षण', 'नोकरी' म्हणत होता. शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली.

"हाई आते सरळ समाजकडे जाई ना? मधमा तू नही ना?"

प्रत्येक फॉर्म आधी माझ्याच ईमेलवर येत होता.

"दोन मिनिटं थांब," मी म्हणालो, आणि माझा पत्ता काढून टाकला.