स्क्रीनसेव्हरवरून आज दोघा भावांचं रक्त सांडलं

मंडळी, डाव्या भुवईवर टाके पडलेत, एकाच डोळ्याने लिहितोय. चुका सांभाळून घ्या.

पारनेरला मी आणि थोरला भाऊ फोटो स्टुडिओ चालवतो. आई कॅन्सरने गेल्यापासून आमचा कॉम्प्युटर रिकाम्या वेळात औषधांच्या संशोधनासाठी आकडेमोड करतो. जगभरातले लोक इंटरनेटवरून असा आपापल्या कॉम्प्युटरचा वेळ देतात. त्याचा स्क्रीनसेव्हर मी हौसेने लावला होता, गरगर फिरणारा रंगीत रेणू. दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आज लग्नाचा व्हिडिओ तयार व्हायला लावून आम्ही जेवायला गेलो. माऊसला कुणाचा हात लागला नाही, म्हणून स्क्रीनसेव्हर सुरू झाला आणि कॉम्प्युटरची निम्मी ताकद त्या चित्रानेच खाल्ली. परतलो तर पडद्यावर तो रेणू फिरतोय, व्हिडिओ अर्धवट, आणि नवरीचे वडील तो न्यायला दारात उभे.

"गेम लावून बसतो व्हय रं?" म्हणत दादाने ट्रायपॉड उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला. मी त्याला काचेच्या कपाटावर ढकललं. त्याचा हात कोपरापर्यंत फाटला. शेवटी नवरीच्या वडिलांनीच आम्हाला ओढून वेगळं केलं.

दवाखान्यात मी त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "आईचं काम चालू ठिव. नुसतं ते चित्र बंद कर."

चित्र बंद केलं. आता व्हिडिओही भराभर तयार होतोय, आकडेमोडही वेगाने चाललीय. पण माफी त्याने मागितली नाही आणि मीही नाही.

उद्या दुकान दोघांनी मिळूनच उघडायचंय. तुमच्या घरात अशा वेळी आधी कोण बोलतं?