हत्तीला टाटा

गेल्या रविवारी आम्ही तिघं थीम पार्कला जाऊन आलो. तिघं म्हणजे मी, बायको वनिता आणि यंदा दहावीची परीक्षा दिलेली आमची श्रावणी. नावड्याहून सकाळी लवकर गाडी काढायची आणि अंधार पडायच्या सुमारास परत यायचं, हा आमचा दरवर्षीचा मे महिना.

यंदा मात्र निघायच्या आधीच सूर वेगळा होता. "जाऊया ना..." असं श्रावणी म्हणाली खरी, पण दाताच्या डॉक्टरकडे जाऊया म्हटल्यासारखं. वनिताला विचारलं तर ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "माना काय इचारता? तिला इचारा. पोर मोठी झाली आता."

पोर मोठी झाली हे मलाही दिसतंच. आईच्या चपला घालते, दार लावून फोनवर बोलते. तिला अजून त्या पार्कात मजा वाटते का, की आमचं मन राखायला येते, एवढंच कळत नव्हतं. सरळ विचारलं असतं तर "हो पप्पा, मजा येते" म्हणाली असती आणि मी होतो तिथेच राहिलो असतो.

म्हणून मी मनाशी एक ठरवलं. पण त्याआधी हत्तीबद्दल सांगायला हवं...

त्या पार्कच्या गेटवर फायबरचा एक मोठा हत्ती आहे. श्रावणी पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या खांद्यावर होती. निघताना तिने हत्तीला टाटा केला आणि नेमके तेव्हाच हत्तीने कान हलवले. मी तळोज्याला एका कंपनीत मेन्टेनन्सला आहे. कान मोटरवर आहेत आणि थोड्या थोड्या वेळाने आपोआप हलतात, हे मला दिसत होतं. पण पोरीचा चेहरा बघून कोण बोलणार.

पुढे ती मोटर बंद पडली. कान हलेनात आणि श्रावणीचे डोळे भरले. मी सांगून टाकलं की हत्ती म्हातारा झालाय, कमी ऐकू येतं त्याला, जोरात म्हणायला लागेल. झालं... तेव्हापासून दरवर्षी निघताना आम्ही तिघं गेटवर उभं राहून हत्तीला ओरडून टाटा करतो. लोक बघतात. कान काही हलत नाहीत. सुरुवात नेहमी माझी असते, "चला, हत्तीला सांगून निघू."

तर यंदा ते वाक्य म्हणायचं नाही, असं मी ठरवलं. श्रावणीने आपणहून टाटा केला तर पुढच्या वर्षीही यायचं. नाही केला तर हे इथेच संपलं, पुढच्या मे महिन्यात रविवारच्या ड्युटीला सुट्टी टाकायची नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवस ठीक गेला. आत घरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून नेहमीसारखं पार्किंगमध्येच डिकी उघडून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट चटणी खाल्ली. शेजारच्या गाडीवाल्यांनी वासाने काचा वर केल्या. श्रावणीने तोंड दुसरीकडे केलं, पण भाकरी एक जास्तच खाल्ली.

मोठ्या राइडवर ती एकटीच बसली. मी खालून बघत होतो... म्हणजे राइड नाही, बोल्ट. सवय लागलीय, काय करणार. वनिता चपला काढून सावलीत बसली होती. श्रावणी मधूनच फोन काढायची, फोटो कुणाला तरी पाठवायची आणि परत लाइनीत उभी राहायची. तिला कंटाळा आलाय की मजा येतेय, काही अंदाज लागेना.

संध्याकाळी गेटवर आलो. हत्ती होता जागेवर, एका कानाचा रंग उडालेला. मी चाल जरा कमी केली. श्रावणीही हळू झाली, तिने माझ्याकडे एकदा बघितलं... मी उगाच खाली वाकून बुटाची लेस आवळली. वर बघितलं तर ती पुढे निघून गेली होती.

वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं, लपवून काय उपयोग. पोरं मोठी व्हायचीच, फायबरच्या हत्तीला किती वर्षं धरून बसणार, अशी स्वतःची समजूत घातली आणि गाडी बाहेर काढली.

हायवेला लागायच्या आधी मागच्या सीटवरून आवाज आला, "पप्पा, तुम्ही टाटा नाही केला."

"तू पण नाही केलास," मी म्हटलं.

"मी तुमची वाट बघत होते ना. दरवर्षी तुम्हीच चालू करता." मग जरा थांबून म्हणाली, "मोटर आहे ती, मला पाचवीतच कळलेलं. कानामागून वायर लोंबत होती. तुम्हाला आवडतं म्हणून ओरडायचे मी... यंदा तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही मोठे झालात आता."

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. वनिता खिडकीतून बाहेर बघत हसत होती. मग तीच म्हणाली, "वळवा गाडी. नुसते बसलेव काय?"

वळवली. पार्क बंद व्हायची वेळ झाली होती, आत कुणी सोडलं नाही. गेटच्या बाहेरूनच तिघं ओरडलो. यंदा सुरुवात श्रावणीने केली आणि आमच्यापेक्षा जोरात केली.

पोरं मोठी झाली का, हे आपण तपासत बसतो. माझी पोर मात्र पाचवीपासून मला सांभाळून घेत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. थँक्यू, श्रावणी... पुढच्या मे महिन्याची सुट्टी मी साहेबांना आजच सांगून ठेवली आहे.