पदरातला गूळ

नाचणी भाजल्याचा वास आला की ऐंशीच्या दशकातलं आमचं कांजूरमार्गचं पाळणाघर आठवतं. पोरांचे दात किडले होते, म्हणून मी नाचणीच्या पेजेतली साखर बंद केली. चार दिवस रडारड झाली, मग सगळी पोरं वाट्या चाटूनपुसून संपवू लागली. दमलेली मीसुद्धा उभ्याउभ्या तीच पेज प्यायची. वाटलं, झाली सवय. एका दुपारी स्वयंपाकाच्या मालवणी मावशींच्या पदराची गाठ सुटली आणि गुळाचे खडे लादीवर पडले. मी ओरडणार, तोच त्या म्हणाल्या, "पोरां उपाशी निजत होती गो. आणि तू तरी कुठे जेवत होतीस?" मी खाली बसून खडे वेचू लागले. आता डॉक्टरांनी माझीच साखर बंद केलीय. एकटीपुरती पेज ढवळते. सवय काही होत नाही.