डबा कोणी भरला

"हिच्या घरी जेवण कोण करायचं, ते दिलंय का गो?"

कुणाही कर्तबगार बाईचं आत्मचरित्र पुढे ठेवलं, की काकूंचा पहिला प्रश्न हा. आमचं वाचनालय परळला, दोन खोल्यांचं. मी तिथे पुस्तकं देते-घेते, आणि खरं सांगायचं तर आता कंटाळलेय. गुडघे कुरकुरतात, वाचक फिरकत नाहीत. काकू मात्र घोडपदेवहून यायच्या, मासळीची पिशवी दाराबाहेर ठेवायच्या आणि पंख्याखाली बसून म्हणायच्या, "दे एखादी धीट बाई."

डॉक्टर झालेली, विमान उडवलेली, तुरुंगात गेलेली, सगळ्या त्यांनी वाचल्या. परत देताना शेरा ठरलेला. "बाई मोठी हो. पण सभेवरून आली आणि जेवली, एवढंच लिहिलंय. जेवण काय आपोआप शिजलं?" मी हसायचे. तुम्हीही हसला असता.

या प्रश्नामागे त्यांची नणंद होती. गोदीत क्रेन चालवणारी पहिली बाई. लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहिली. तिचं कोण कौतुक काकूंना! "वर चढायला साडी अडते म्हणून पँट शिवून घेतली तिने. चाळ हसली. मी म्हटलं, धुवायची मला आहे, तुमचं काय जातं?"

निवृत्त झाल्यावर नणंदेने माहीमला घर घेतलं आणि आत्मचरित्र लिहायला घेतलं. काकू हरखल्या. "मी सांगितलंय, माझं काही घालू नको," असं म्हणायच्या आणि दर खेपेला विचारायच्या, "आलं का गो?"

एकदाचं आलं. काकूंनी चष्मा पुसला, उभ्यानेच पानं उलटली. क्रेनच्या केबिनमध्ये बसून आईने भरलेला डबा उघडला की शीण जायचा, असं एका पानावर होतं. काकू तिथे थांबल्या, मग पुढे शोधत राहिल्या. शेवटपर्यंत त्या कुठेच नव्हत्या.

"आई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या," त्या म्हणाल्या. "त्यांनाही मीच भरवायचे."

मला असा संताप आला! "मग विचारा ना त्यांना."

"जाऊ दे. दमले मी." त्यांनी पिशवी उचलली. "आज येतेय ती जेवायला. बांगडे बरे मिळालेत."

त्यानंतर त्यांनी एकाही बाईचं पुस्तक नेलं नाही. अधूनमधून यायच्या, पंख्याखाली बसायच्या, उठून जायच्या. उन्हाळ्यात काकू वारल्या.

मग एका दुपारी नणंद आली, काकूंचं कार्ड परत करायला. उंच बाई, पण खांदे उतरलेले. जाताना घुटमळली. "वहिनी तिरफळं घालून बांगडे करायची. कसे, ते कधी बोलली का तुझ्याशी? मला काही जमत नाही गं. तोंडाला चव नाही."

माझी जीभ कुठली गप्प राहायला! "तुम्ही तर आईंच्या हातचं खायचात ना? पुस्तकात तसंच आहे."

ती पंख्याखालच्या खुर्चीत बसली. काकूंच्याच. म्हणाली, "आईची फार आठवण यायची, म्हणून लिहिलं गेलं. वहिनी काय, समोरच होती. तिच्या हातचं जेवून माहीमला परतायचे आणि लिहायला बसायचे मी, आणि तिचं लिहायचं मला सुचलंसुद्धा नाही."

तिने पुस्तक मागितलं, मग पेन. पुस्तकात कुणी साधी रेघ मारली तरी मी भांडते. त्या दिवशी निमूट पेन दिलं. तिने 'आईने' खोडलं आणि वर 'वहिनीने' लिहिलं.

जिला हे वाचायचं होतं तीच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आमची ही एक प्रत तेवढी दुरुस्त झाली. बाकीच्या प्रतींत डबा अजून आईच भरतेय.