कम्फर्टचं आडनाव

आमच्या खोलीत दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो: "नाव आणि जन्मतारीख?" मी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करते. समोर माणूस बसला, बाही वर केली, की आधी नाव विचारायचं, मग सुई. इतकी वर्षं इतकी नावं कानावरून गेल्यावर किस्से साचणारच. पण माझ्याकडे जे साचलेत ते पेशंटच्या नावांचे नाहीत. ते सगळे एकाच आडनावाचे आहेत आणि ते आडनाव माझ्या शेजारच्या खुर्चीपाशी काम करणाऱ्या बाईचं आहे. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगताना अजून राग येतो, त्यामुळे मध्येच आवाज चढला तर चढू द्या.

तिचं नाव कम्फर्ट सुमिना. घानाची, अकान लोकांपैकी. आपल्या कानाला सुमिना म्हणजे कसं, एखाद्या पुण्याच्या मुलीचं गोड नाव वाटतं. इंग्लंडात हे आडनाव लावणारी, तिच्या माहितीत, तीनच माणसं: ती, तिचा नवरा यॉ आणि मुलगा क्वाबेना. यॉ आता नाही. क्वाबेनाचं पुढे सांगते.

*

एकदा मोत्याचे कानातले घातलेली एक गोरी बाई कम्फर्टच्या खुर्चीत बसली. बॅज वाचला.

"सुमिना! कुठलं नाव हे?"

"घाना."

"किती सुंदर. तुमच्या नावांना नेहमी काहीतरी अर्थ असतो ना? पहाट, नदी, असं काहीतरी?"

कम्फर्टने दंडाला पट्टा आवळला, बोटाने शीर चाचपली. सुई टोचण्याआधी आम्ही सगळ्यांनाच "शार्प स्क्रॅच" म्हणतो. जरा टोचेल हं, अशा अर्थाने.

"रबिश डम्प," कम्फर्ट म्हणाली. "शार्प स्क्रॅच."

सुमिना म्हणजे खरंच उकिरडा. बाई सुईला दचकली की अर्थाला, कोण जाणे. पण तिने तक्रार केली, स्टाफने माझी थट्टा केली म्हणून. आता सांगा. विचारायचं तुम्ही, खरं उत्तर दिलं की थट्टा. मग कशाला विचारता बाई? गप रक्त द्या आणि घरी जा.

*

त्या तक्रारीमुळे आमचा मॅनेजर गॅरेथ जागा झाला. गॅरेथ वाईट माणूस नाही, पण त्याला कोर्सला पाठवतात आणि तिथून तो काहीतरी घेऊन येतो. त्याने भिंतीवर सगळ्यांच्या नावांची कार्डं लावली. नाव, देश, अर्थ, खाली हसरा चेहरा, वर प्लास्टिक. माझ्या कार्डावर "शुभांगी: पवित्र शरीराची" असं लिहिलेलं बघून माझा नवरा आठवडाभर हसत होता.

कम्फर्टचं कार्ड होतं: "सुमिना: घानातील एक प्राचीन, कुलीन घराणं."

"हे कुठून आणलंस?" कम्फर्टने विचारलं.

"ऑनलाइन होतं."

"खोटं आहे. असं घराणंच नाही. माझ्या नवऱ्याचं ते स्वतःचं नाव आहे, त्याच्या आधी घरात कोणाचंच नव्हतं."

"पण हे जास्त पॉझिटिव्ह वाटतं ना?"

तेव्हा कम्फर्टने चहाचा मग खाली ठेवला आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. यॉच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. यॉ झाला तेव्हा तिने त्याला गावाबाहेरच्या उकिरड्यावर ठेवलं आणि ती पाठ फिरवून चालू लागली. मागून शेजारीण गेली आणि "हे बघा, कचऱ्यात काय सापडलं" म्हणत त्याला उचलून घेऊन आली. नाव ठेवलं सुमिना. मृत्यू घरी आला तरी म्हणेल, कचराच आहे, याला कशाला न्यायचं. त्याने खरंच नेलं नाही. कम्फर्ट हे सांगत होती तेव्हा यॉ घरी बसून फुटबॉल बघत होता, साठी ओलांडलेला, धडधाकट.

 

गॅरेथने थोडा विचार केला. "हे आपल्याला रिसायकलिंगशी जोडता येईल का?" म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका आईने पोर जगावं म्हणून त्याला कचऱ्यात ठेवलं, आणि ह्या माणसाला हिरव्या रंगाचं पोस्टर दिसतंय! मी म्हटलं, "गॅरेथ, माझ्या आजोबांचं नाव केरू. केर म्हणजे झाडून काढलेला कचरा. त्यांच्याही आधीची भावंडं गेली होती. आमच्या कराडकडे घराघरात केरू, दगडू, धोंडू सापडतील. सगळ्यांचं रिसायकलिंग करतोस का?"

गॅरेथ मीटिंग आहे म्हणून निघून गेला. कम्फर्ट माझ्याकडे बघत राहिली.

"तुझे आजोबा किती जगले?"

"नव्वदीच्या पुढे गेले. तंबाखू खाऊन."

"तर मग शुभा," ती म्हणाली, "आपण नातेवाईक निघालो."

कार्ड मात्र भिंतीवर तसंच राहिलं. प्राचीन, कुलीन घराणं.

*

आपली माणसंही काही कमी नाहीत. मंडळातले एक काका दर तीन महिन्यांनी शुगर तपासायला येतात. त्यांनी बाहेरच्या ड्यूटीच्या यादीवर नाव वाचलं आणि खुश होऊन आत आले. "सुमिना? वा, आपल्यातली दिसतेय." मग खुर्चीकडे बघितलं. कम्फर्ट दिसली. काकांचा चेहरा असा उतरला की काय सांगू.

माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "शुभांगी, तूच घे ना गं माझं. ही आपली... म्हणजे तुझा हात हलका असेल."

तुझा हात हलका! गणपतीत हेच काका माइक घेऊन वंशभेदावर बोलतात. मी म्हटलं, "काका, तुमच्या शिरा बारीक आहेत. ती एकदा टोचते. मला दोनदा टोचावं लागतं, कधी तीनदा."

काका गुपचूप कम्फर्टच्या खुर्चीत जाऊन बसले. जाताना तिला थँक्यूसुद्धा म्हणाले, आणि पुढच्या वेळी आले ते थेट तिच्याचकडे.

*

ह्याला किस्सा म्हणायचं का, मला माहीत नाही. पण सांगते.

कार्डं लागली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात यॉला फुप्फुसाचा आजार निघाला आणि तो आमच्याच हॉस्पिटलात वर दाखल झाला. शेवटचे दिवस आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं. यॉचा धाकटा सख्खा भाऊ लंडनहून धावत आला. त्याचं नाव ओफोरी. अकान लोकांत बाप प्रत्येक मुलाला आपल्याला मान वाटेल त्या माणसाचं नाव देतो, त्यामुळे एकाच आईबापाच्या चार मुलांची चार आडनावं असू शकतात. यॉला कचऱ्याचं नाव मिळालं, तो जगला, मग धाकट्याला भीती न बाळगता आजोबांचं नाव मिळालं. बायको-मुलाला यॉचं नाव लागलं ते इंग्लंडच्या रीतीने. इतकं साधं आहे.

वॉर्डच्या दारातल्या बाईला मात्र ते पटेना. "फॅमिली ओन्ली. तुमचं आडनाव वेगळं आहे."

"मी भाऊ आहे."

"हाफ ब्रदर?"

"सख्खा."

"मग आडनाव वेगळं कसं?"

कम्फर्ट यॉचे कपडे आणायला घरी गेली होती. मी ब्रेकमध्ये वर गेले होते, तर हा सहा फुटी माणूस भिंतीला टेकून उभा, हातात टोपी, डोळे लाल. मी त्या बाईला म्हटलं, "तुम्हाला बहीण आहे?"

"आहे."

"लग्न झालंय तिचं? आडनाव तेच आहे का?"

"नाही, पण ते वेगळं."

"काय वेगळं? तुमची बहीण नवऱ्यासाठी नाव बदलते तरी ती सख्खी, आणि ह्याला बापाने जन्मताच वेगळं नाव दिलं म्हणून हा उपरा?"

मी ओरडले असेन. कारण सिस्टर बाहेर आली आणि तिने ओफोरीला आत नेलं. यॉ शुद्धीवर होता. दोघांनी हात धरले, बोलले. संध्याकाळी यॉ गेला. मी जिन्याने वर जायच्या ऐवजी लिफ्टची वाट बघत बसले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. आता मी लिफ्टची वाटच बघत नाही.

*

यॉ गेल्यावर पास्टरची एंट्री झाली.

क्वाबेना आणि त्याची बायको प्रिसिला ज्या चर्चला जातात तिथला हा पास्टर, घानाचाच. चकचकीत बूट, खणखणीत आवाज. क्वाबेना-प्रिसिलाची दोन मुलं पोटातच गेली होती. त्यात क्वाबेनाची नोकरी गेली. पास्टरने निदान केलं: आडनाव! ज्या घराच्या दारावर उकिरडा लिहिलाय तिथे देव कसा येईल? नाव बदला, शाप सुटेल.

आणि क्वाबेनाने बदललं. सुमिना काढून ग्रेस लावलं. कम्फर्ट दुसऱ्या दिवशी कामावर आली. दुपारी डबा उघडून नुसती बसली.

"मी त्याला म्हटलं," ती म्हणाली, "अरे, हा शाप नाही. ह्या नावामुळेच तुझा बाप जगला, म्हणून तू आहेस. तर म्हणतो, मम, शाळेत मला घानाची मुलं काय म्हणायची तुला माहीत नाही."

 पोराचंही खरंच होतं. पण त्या पास्टरचा मला असा संताप आला की विचारू नका. दोन गर्भ गमावलेल्या पोरीला कोणी सांगतं का, तुझ्या नावामुळे गेले म्हणून?

"आता मी एकटीच सुमिना," कम्फर्ट म्हणाली. "माझ्यानंतर संपलं."

*

देव आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. नंबर पुकारला आणि पास्टर स्वतः आत आले. कोलेस्टेरॉल.

कम्फर्टची खुर्ची रिकामी होती. पास्टर तिच्याकडे बघून गोड हसले. "सिस्टर कम्फर्ट, वाईट वाटून घेऊ नका. माझं इंडियन लेडीला करू दे." आणि तिच्या बॅजकडे बघायचंही टाळून माझ्या खुर्चीत येऊन बसले.

मी शांतपणे पट्टा बांधला.

त्यांच्या शिरा काकांपेक्षाही बारीक होत्या. मी काही मुद्दाम केलं नाही, आईशपथ. पहिल्यांदा आलं नाही, दुसऱ्यांदा आलं नाही. तिसऱ्यांदा टोचायच्या आधीच पास्टर घामाघूम होऊन कलंडले. त्यांचं डोकं धरलं कम्फर्टने, पाय वर केले कम्फर्टने, आणि शेवटी दुसऱ्या हातातून एका झटक्यात रक्त काढलं तेही कम्फर्टने. सुमिनाने. शुद्धीवर आल्यावर त्यांनी देवाचे आभार मानले. तिचे नाही.

*

प्रिसिलाला पुन्हा दिवस गेले. ती रक्ततपासणीला माझ्याकडे यायची, सासूने सुई टोचलेली तिला नको वाटायची. फार बोलायची नाही. एकदा बाही खाली करता करता म्हणाली, "आंटी, मम म्हणते तुमच्या आजोबांच्या आधीची भावंडंसुद्धा गेली होती."

"हो."

"आणि ते किती जगले?"

"नव्वदीच्या पुढे."

"काही आजार?"

"खोकला. तंबाखूचा."

तिने मान हलवली, कोट उचलला आणि गेली.

मुलगा झाला, शुक्रवारी. शुक्रवारचा म्हणून कोफी हे नाव ठरलेलंच. पुढचं नाव बापाने द्यायचं असतं, आठव्या दिवशी, सगळ्यांसमोर. मला बोलावणं होतं. कम्फर्टच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर मधोमध पास्टर. विधी करायला घरातला मोठा माणूस लागतो, म्हणून लंडनहून ओफोरी आला होता. तोच, वॉर्डच्या दारातला.

त्याने बाळाला मांडीवर घेतलं. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग जिनमध्ये बोट बुडवून लावलं. "पाण्याला पाणी म्हण," ओफोरी म्हणाला, "दारूला दारू म्हण. आयुष्यभर खरं बोल." बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले. मग त्याने क्वाबेनाला विचारलं, "नाव?"

क्वाबेनाने बायकोकडे बघितलं. प्रिसिलाने मान हलवली.

"कोफी केरू ग्रेस."

माझ्या हातातली प्लेट खाली पडता पडता राहिली.

"केरू!" पास्टर खुश झाले. "छान नाव. कोणत्या भाषेतलं?"

"शुभा आंटीच्या," प्रिसिला म्हणाली. "त्यांच्या आजोबांचं आहे."

"आणि अर्थ काय, सिस्टर?"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. प्रिसिलाही बघत होती, बाळाच्या पायाला घट्ट धरून.

"पास्टर," मी म्हटलं, "प्राचीन, कुलीन घराण्याचं नाव आहे."

पास्टर उठले. त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि त्या खणखणीत आवाजात तीनदा हाक मारली. "केरू! केरू! केरू!" सगळी खोली आमेन म्हणाली.

कम्फर्ट म्हणाली नाही. ती माझ्या मागे उभी होती. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "शार्प स्क्रॅच."